साहेबाच्या वहीतले दरोडेखोर

१७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालसाठी एक कायदा केला. दरोडेखोर सापडला, की त्याला त्याच्याच गावात नेऊन फाशी द्यायची. गावाकडून दंड वसूल करायचा. आणि त्याचं कुटुंब? ते सरकारचं गुलाम. बायको, पोरं, सगळी. दरोडा घातला एकाने, बेड्या पडल्या अख्ख्या घराला. बंगालची दिवाणी मिळून कंपनी सरकारला तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. गुन्हेगार शोधायचा तर त्याचं कुळ शोधा, हे सूत्र तिथून जे धरलं गेलं, ते साहेब इथून जाईपर्यंत सुटलं नाही.

ठग, पेंढारी, रामोशी, भिल्ल, बंजारे, पारधी यांच्याबद्दल आपण लहानपणापासून जे ऐकत आलो, त्यातलं बरंचसं साहेबाच्याच कागदांतून आलेलं आहे. ते कागद उलगडून बसलं, की एकेक नवल बाहेर पडतं. त्यातली काही नवलं मजेची आहेत, काही अंगावर काटा आणणारी.

एकाला वाघ, एकाला गादी

पेंढारी म्हणजे मराठी फौजांच्या मागेपुढे धावणारे बिनपगारी स्वार. पगार नाही, म्हणून लूट हीच कमाई. मराठी सत्तेची घडी विसकटली तशा त्यांच्या टोळ्या मोकाट सुटल्या आणि मध्य हिंदुस्थानातल्या गावांचे त्यांनी अतोनात हाल केले, यात शंका नाही. १८१७ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज (हा वॉरन नव्हे, दुसरा) त्यांच्या बंदोबस्तासाठी निघाला, तेव्हा त्याने जमवलेली फौज होती लाखाच्या वर. एवढं मोठं सैन्य इंग्रजांनी हिंदुस्थानात तोवर कधीच उभं केलं नव्हतं. निमित्त पेंढाऱ्यांचं होतं, पण त्याच मोहिमेच्या धामधुमीत पेशवाई बुडाली, नागपूरकर भोसले नमले आणि होळकरही.

आता चार पुढाऱ्यांचं काय झालं ते बघा. चितू पेंढारी पळत पळत सातपुड्यात असीरगडच्या बाजूच्या जंगलात शिरला आणि १८१९ मध्ये तिथे वाघाने त्याला मारलं. वासिल महंमदाने गाझीपूरला कैदेत विष घेतलं. करीमखान इंग्रज सेनानी माल्कमला शरण आला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली आणि तो शेती करत राहिला. चौथा अमीरखान. हा होळकरांच्या पदरचा पठाण सरदार. पेंढारी टोळ्यांना त्याचा मोठा आधार होता. १८१७ च्या नोव्हेंबरात त्याने इंग्रजांशी तह केला आणि तो झाला टोंकचा नवाब! त्याचे वंशज संस्थान विलीन होईपर्यंत त्या गादीवर होते. चौघांची नावं एकाच मोहिमेच्या कागदांत. कोण लुटारू आणि कोण ‘हिज हायनेस’, हे तहावरच्या सहीने ठरलं.

ठग पकडणारा, ऊस आणणारा, डायनासोर शोधणारा

विल्यम स्लीमन या कंपनीच्या अधिकाऱ्याचं नाव ठगांच्या गोष्टीशी कायमचं जोडलं गेलंय. पण या माणसाचे उद्योग पाहिले तर थक्क व्हायला होतं. १८२८ मध्ये जबलपूरच्या छावणीजवळच्या टेकडीवर त्याला काही दगडी हाडं सापडली. ती निघाली डायनासोरची. आशिया खंडात डायनासोरच्या हाडांचा हा अगदी पहिल्या शोधांपैकी एक. पुढे १८७७ मध्ये त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असं नाव ठेवलं गेलं. मॉरिशसहून ताहितीचा जाडा ऊस आणून तो इकडे लावण्याचा खटाटोपही त्याने केला. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकीकती गोळा करून १८५२ मध्ये त्याचं एक पुस्तकही निघालं. मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यात त्याच्या नावाचं स्लीमनाबाद आजही आहे.

याच चिकाटीने तो ठगांच्या मागे लागला. त्याची पद्धत त्या काळाच्या मानाने नवी होती. एक ठग पकडायचा, फाशी टळेल असं आश्वासन देऊन त्याला माफीचा साक्षीदार करायचं, त्याच्याकडून दहा नावं काढायची, मग त्या दहांकडून शंभर. प्रेतं कुठे पुरली त्या जागा खणायच्या, त्यांचे नकाशे करायचे. घराण्यांच्या वंशावळी काढायच्या. फिरंगिया नावाचा गाजलेला ठग असाच सरकारी साक्षीदार झाला. ठगांची खास बोली होती, तिचा कोश स्लीमनने १८३६ मध्ये कलकत्त्याला ‘रामासीआना’ या नावाने छापला.

खून खरे होते. वाटसरूंशी गोड बोलून सोबत करणं, रात्रीच्या मुक्कामात रुमालाने गळा आवळणं आणि प्रेतं पुरून टाकणं, याचे पुरावे जमिनीतून निघाले. हजारो घरांत प्रवासाला गेलेला माणूस परतला नाही, त्यांचं दुःख काही साहेबाच्या कल्पनेतून आलेलं नव्हतं. पण त्यावर स्लीमनने जी इमारत रचली ती वेगळीच: हिंदुस्थानभर पसरलेला, भवानीच्या आज्ञेने खून पाडणारा, बापाकडून मुलाकडे चालत आलेला एक गुप्त पंथ. गेल्या पन्नासेक वर्षांत इतिहासकारांनी हे कागद पुन्हा तपासले, तेव्हा वेगळं चित्र दिसलं. या टोळ्यांत हिंदू होते तसे मुसलमान होते. अनेक जातींचे लोक होते. पुष्कळसे तर मोडलेल्या फौजांतले बेकार शिपाई किंवा हंगाम संपल्यावर बाहेर पडणारे शेतकरी. चंबळच्या खोऱ्यातले जमीनदार त्यांना आसरा देत आणि कमाईतला वाटा घेत. मला हे दुसरं चित्र जास्त पटतं, कारण त्यात माणसं दिसतात. पंथाच्या गोष्टीत नुसती भुतं दिसतात.

साहेबाला मात्र पंथच सोयीचा होता. १८३६ चा ठगीचा कायदा सांगत होता, की ठगांच्या टोळीत असणं एवढाच गुन्हा पुरे. मग तो कायदा होण्याआधी असो की नंतर, कंपनीच्या मुलखात असो की बाहेर. शिक्षा जन्मठेप. अमक्या दिवशी अमक्याला मारलं, हे सिद्ध करायची गरजच उरली नाही. १८२६ ते १८४८ या काळात सुमारे साडेचार हजार लोकांवर खटले चालले आणि पाचशेच्या वर फासावर गेले. कित्येकांना समुद्रापार धाडलं. जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर गुन्हा गोंदण्याची शिक्षा तेव्हा चालू होती, ती ठगांनाही झाली. ही गोंदणशिक्षा १८४९ मध्ये बंद झाली, पण आधी गोंदलेली कपाळं तशीच राहिली.

माफीच्या साक्षीदारांचं पुढे काय झालं? त्यांना सोडलं नाही. जबलपूरला त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी उद्योगशाळा निघाली. तिथे ते तंबू शिवू लागले, गालिचे विणू लागले, आणि त्या मालाला चांगली मागणीही आली.

सात कवट्या

हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. १८३० च्या दशकात कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणारं एक ‘शास्त्र’ युरोपात जोरात होतं. सागर इथे फाशी दिलेल्या ठगांपैकी सात जणांच्या कवट्या एका डॉक्टरने थेट एडिंबरोला, या शास्त्राच्या मंडळाकडे पाठवल्या. जन्मजात खुन्याच्या डोक्याचा आकार कसा असतो ते एकदाचं कळावं म्हणून! तिथल्या पंडितांनी मोजमाप घेतलं. निष्कर्ष काय, तर संहाराची वृत्ती दाखवणारा भाग या कवट्यांत फारसा मोठा नाही. साध्या माणसांच्या कवट्या होत्या त्या. एवढं होऊनही जन्मजात गुन्हेगाराची कल्पना कुणी सोडली नाही.

राणीला लागलेली ओढ

१८३९ मध्ये फिलिप मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनला निघाली आणि तिच्यावर उड्या पडल्या. तरुण व्हिक्टोरिया राणीला पुस्तक छापून होईपर्यंतही दम निघेना, तिने छपाईची पानं तयार होतील तशी मागवून वाचली. हा टेलर आपल्याला परका नाही. निजामाच्या चाकरीत त्याचं आयुष्य गेलं. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्गला तो अधिकारी म्हणून राहिला आणि तुळजापूरच्या परिसरावर त्याने ‘तारा’ ही कादंबरीही लिहिली. इंग्लंडातल्या दिवाणखान्यांत ठग म्हणून जो उभा राहिला, तो बराचसा टेलरच्या लेखणीतून उतरलेला आहे.

९३१ चं कोडं

ठग बेहराम याने ९३१ खून केले, हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. जगातला सगळ्यात मोठा खुनी म्हणून त्याचं नाव झळकतं. जेम्स पेटन या अधिकाऱ्याच्या हस्तलिखितात मात्र बेहरामचं म्हणणं निराळं आहे. ९३१ खुनांच्या वेळी तो हजर होता. स्वतःच्या हाताने गळे आवळले ते सुमारे १२५ जणांचे. हा आकडाही छातीत धडकी भरवणारा आहेच. पण हजर असलेले सगळे खून एकाच्याच नावावर कसे चढले, हे पाहिलं की टोळीचा हिशेब मांडायची साहेबी रीत लक्षात येते.

कलम ३१०

ठग संपले, पण कायद्यातून गेले नाहीत. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३१० मध्ये ‘ठग’ कोण याची व्याख्या होती आणि ३११ मध्ये जन्मठेप. हे कलम स्वातंत्र्यानंतरही पुस्तकात राहिलं, ते थेट १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता लागू होईपर्यंत. नव्या संहितेत ठग नाही. पण त्याच क्रमांकावर, कलम ३१० वर, आता दरोडा आहे. पाच किंवा अधिक जण असतील तर दरोडा, ही जुनी मोजणी तशीच ठेवून.

आणखी एक वारसा. ठगी आणि डकैती खातं १९०४ मध्ये बंद झालं आणि त्याच्या जागी केंद्रीय गुप्तवार्ता खातं आलं. आजच्या इंटेलिजन्स ब्युरोची वंशावळ मागे नेत गेलं, तर ती स्लीमनच्या कचेरीत पोचते.

राखणदाराचा दरोडेखोर

आता आपल्या पुण्याकडे येऊ. रामोशी म्हणजे गावाचा आणि गडाचा राखणदार. चोरी झाली तर रामोशाने माग काढायचा, पावलं शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या हवाली करायची, नाहीतर नुकसान भरून द्यायचं. जबाबदारी पक्की होती आणि तिच्या बदल्यात हक्कही. १८१८ नंतर गडांवरचे पहारे उठले, वतनं आखडली, पिढ्यान्‌पिढ्या राखण करणारे हात रिकामे झाले.

पुरंदरच्या पायथ्याशी भिवडीचा उमाजी नाईक याच रिकाम्या हातांतून उभा राहिला. त्याच्यामागे धावून थकल्यावर सरकारने मध्यंतरी त्याला माफी देऊन बंदोबस्ताची नोकरीच दिली! दरोडेखोर म्हणून ज्याचा शोध चालला होता, तोच आता सरकारी चाकर. ते टिकलं नाही. १८३१ मध्ये उमाजीने जाहीरनामा काढून थेट इंग्रजी राज्यालाच आव्हान दिलं. मग त्याच्यावर दहा हजार रुपयांचं इनाम लागलं. डिसेंबरात तो उत्रोळीला पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्याला फाशी झाली. त्याला पकडणाऱ्या मोहिमेतला कॅप्टन मॅकिंटॉश पुढच्याच वर्षी रामोशांवर अख्खं पुस्तक लिहून मोकळा झाला. शिवाजी महाराजांचा आदर्श उमाजीसमोर होता, हे त्यालाही नमूद करावं लागलं.

तोवर पुण्याच्या कॅम्पात एक वेगळीच चाल पडली होती. साहेबाच्या बंगल्यावर पगारी रामोशी राखणीला हवाच. सरकारी टिपणांत चोर आणि फाटकावर पहारेकरी, दोन्ही एकच माणूस. साहेबाच्या शहाणपणातली ही विसंगती मला सगळ्यात बोलकी वाटते. रात्री ज्याच्या भरवशावर निर्धास्त झोपायचं, त्याच्याच जातीला सकाळी कचेरीत बसून गुन्हेगार लिहायचं.

खानदेशातली पलटण

खानदेशात भिल्लांनी इंग्रजांना सात-आठ वर्षं दमवलं, तेव्हा गव्हर्नर एल्फिन्स्टनने डाव बदलला. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम हा बावीस वर्षांचा अधिकारी धाडला. त्याने एकीकडे छापे घातले आणि दुसरीकडे भिल्लांबरोबर वाघांच्या शिकारी केल्या, त्यांच्यात बसला-उठला. ज्यांच्याशी लढला त्यांच्यातूनच पलटण उभी केली. धरणगाव तिचं ठाणं. काल लुटारू म्हणून पाठलाग झालेले बंडखोर आज वर्दीत. इथे कुणी रक्ताचा, कुळाचा विचार केला नाही. गरज होती.

नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगरातला राघोजी भांगरे मात्र वर्दीत मावला नाही. सावकार आणि सरकार दोघांशीही तो लढला. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिली. सह्याद्रीच्या पलीकडच्या उतारावर, गोव्यात सत्तरीचे राणेही असेच पोर्तुगीज कागदांत दरोडेखोर ठरले. १८५२ मध्ये दिपाजी राणे उठला, त्यानंतर कुष्टोबा.

निमाडचा तंट्या भिल्ल तर आख्यायिकाच झाला. १८७८ मध्ये त्याला खांडव्याच्या तुरुंगात घातलं, तर तिसऱ्या दिवशी भिंत ओलांडून गेला. पुढची अकरा वर्षं पोलिसांच्या हाती लागला नाही. सावकाराला लुटून गरिबाला वाटणारा हा ‘मामा’ अखेर पकडला गेला, तेव्हा त्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत पोचली आणि तिथे त्याला हिंदुस्थानचा रॉबिन हूड म्हटलं गेलं. तारीख १० नोव्हेंबर १८८९. महिनाभरात, ४ डिसेंबरला, जबलपूरला त्याला फाशी झाली. महूजवळ पातालपाणी स्टेशनापाशी त्याचं ठाणं आहे आणि तिथून जाणारी गाडी तंट्यामामाला मान देण्यासाठी क्षणभर थांबवायची रीत पडली.

कचेरीतला माणूस

वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. दुष्काळात माणसं मरताना पाहून ते पेटले आणि १८७९ मध्ये रामोशांना घेऊन सावकारांवर छापे घालू लागले. सरकारी भाषेत ‘डकैत’. गव्हर्नर टेंपलने त्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावलं, तर फडक्यांनी उलट गव्हर्नरच्याच डोक्याला बक्षीस लावलं. खटला मात्र साध्या दरोड्याचा चालवला नाही, राणीविरुद्ध युद्ध पुकारल्याचा चालवला. डकैत म्हणून हिणवलं तरी हा साधा दरोडा नाही, हे सरकार पुरतं जाणून होतं. एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ ला ते गेले.

ज्यांनी लढाई जिंकून दिली

१८०३ साली जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणात आर्थर वेलस्ली जिंकला. हाच पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याच्या फौजेला दख्खनभर धान्य कुणी पुरवलं? बंजाऱ्यांनी. हजारो बैलांचे तांडे, पाठीवर गोण्या, फौज जाईल तिकडे चालता बाजार. वेलस्लीच्या पत्रांत बंजाऱ्यांची काळजी पानोपानी आहे, कारण तांडा नाही आला तर फौज उपाशी.

मग सरकारने मीठ आपल्या मक्त्यात घेतलं. मिठाची चोरटी ने-आण रोखायला देशाच्या मधोमध शेकडो कोस काटेरी कुंपण वाढवलं. त्यात आली आगगाडी. बैलावरचा व्यापार मेला. तांडा मात्र फिरतच राहिला, कारण घर म्हणजेच तांडा. आता त्या फिरण्याचाच संशय येऊ लागला आणि अनेक प्रांतांत बंजारे गुन्हेगार जमातींच्या यादीत गेले. शेतसारा वसूल करणाऱ्या सरकारला माणूस एका जागी हवा असतो. फिरस्त्याचा पत्ता नाही, सातबारा नाही, म्हणून तो संशयित. वडार, कैकाडी, पारधी या सगळ्यांच्या नशिबी हेच आलं. जंगलाचे कायदे झाल्यावर तर पारध्याची शिकारसुद्धा चोरी ठरली.

जन्मतारीख हाच गुन्हा

१२ ऑक्टोबर १८७१. गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याच्या समर्थनात जे मांडलं गेलं, त्याचा आशय असा: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. तेव्हा पिढीजात गुन्हेगारही असणारच. आपल्या जातिव्यवस्थेचं साहेबाने वाचलेलं हे पुस्तकी रूप, आणि त्यावर उभारलेला कायदा.

गंमत बघा, म्हणजे खरं तर संताप येण्यासारखं आहे. १८६९ मध्ये खुद्द इंग्लंडातही सराईत गुन्हेगारांसाठी कायदा झाला होता. तिथे माणसाला आधी शिक्षा झालेली असावी लागे, मगच त्याच्यावर पोलिसांची नजर. इथे जन्म पुरे. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, की त्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नसे. कायद्यातच तसं लिहिलं होतं. जमातीच्या माणसाने नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परगावी जायचं तर दाखला घ्यायचा. चुकलं तर कैद, दंड, फटके. आणि याच कायद्याचा दुसरा भाग होता हिजड्यांसाठी. त्यांचीही नोंदवही, त्यांच्याही कपड्यांवर आणि नाचण्यावर बंदी.

पुढे कायदा सैल होईल असं वाटावं, तर तो आवळतच गेला. १८९७ मध्ये चार ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची सोय झाली. १९११ मध्ये कायदा मुंबई-मद्राससह सगळ्या देशाला लागू झाला.

हजेरी काय चीज होती हे समजून घ्यायचं तर अण्णा भाऊ साठे यांची १९५९ ची ‘फकिरा’ ही कादंबरी उघडावी. दिवसभर राबून आलेल्या माणसाने चावडीवर जाऊन मी चोरी केली नाही, मी इथेच आहे, हे रोज सिद्ध करायचं. तापाने फणफणलेला असो, घरात बाळंतीण असो, हजेरी चुकली की गुन्हा.

सोलापूरची सेटलमेंट

सोलापूरकरांना ‘सेटलमेंट’ हा भाग माहीत असतो. तो याच कायद्यातून आलेला. तारेच्या कुंपणात या जमातींना आणून वसवलं होतं आणि दिवसा गिरण्यांत कामाला पाठवत. सुधारणेचं नाव, आणि गिरण्यांना पक्के मजूर. शाळा होत्या, दवाखाने होते, काही अधिकाऱ्यांना खरी कळकळही होती, हे मी नाकारणार नाही. मुंबई इलाख्याच्या या वसाहतींचा मुख्य अधिकारी स्टार्ट याच्या अध्यक्षतेखाली १९२८ मध्ये दलित आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारी समिती बसली. तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्कर बाप्पा हे दोघेही सभासद होते. पण तारेच्या आत जन्मलेल्या मुलाचा गुन्हा काय, याचं उत्तर कुठल्याच शाळेच्या दाखल्यावर नव्हतं.

इतर प्रांतांत अशा वसाहती मुक्ती फौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती संघटनेकडे सोपवल्या होत्या. तिचा पुढारी बूथ-टकर याने तर गुन्हेगारी हा रोग मानून तो बरा करण्याचं एक नवं शास्त्रच जाहीर केलं आणि त्याला नावही नवं घडवलं, ‘क्रिमिनोक्युरॉलॉजी’. आंध्रातलं स्टुअर्टपुरम अशाच वसाहतीतून वाढलं.

अंगठ्याची रेघ

बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखायची जगातली पहिली कचेरी कुठे निघाली असेल? लंडन नव्हे, पॅरिस नव्हे. कलकत्ता, १८९७. ठशांचं वर्गीकरण करून ते १०२४ खणांत लावायची युक्ती अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन पोलीस अधिकाऱ्यांनी बसवली. १९०१ मध्ये ती स्कॉटलंड यार्डने उचलली आणि जगभर तिला नाव मिळालं त्यांच्या वरिष्ठाचं, हेन्री पद्धत. हक आणि बोस यांना पुष्कळ वर्षांनी खानबहादूर, रायबहादूर अशा पदव्या मिळाल्या. ज्या काळात अख्ख्या जमातीला एकच ठसा मारला जात होता, त्याच काळात दोन हिंदुस्थानी माणसांनी दाखवून दिलं, की प्रत्येक माणसाची रेघ निराळी.

३१ ऑगस्ट

स्वातंत्र्य आलं १९४७ ला. गुन्हेगार जमातींचा कायदा देशभरातून गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. मधली पाच वर्षं हे लोक स्वतंत्र देशातले जन्मजात गुन्हेगार होते. विमुक्त समाज म्हणूनच ३१ ऑगस्ट हा आपला मुक्तिदिन मानतो. कायदा गेला तरी सराईत गुन्हेगारांचे नवे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. पोलिसांची वही बदलली, वहीतली नावं पुष्कळदा तीच राहिली.

या वहीला सगळ्यात सणसणीत उत्तर मराठीने दिलं, याचा मला अभिमान आहे. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये. दोन्हींना साहित्य अकादमी मिळाली. भीमराव गस्ती यांनी ‘बेरड’ लिहिलं. वहीत ज्यांच्याबद्दल लिहिलं जायचं, ते स्वतः लिहू लागले. अहमदाबादच्या छारानगरात, जिथे एकेकाळी अशीच वसाहत होती, १९९८ पासून ‘बुधन थिएटर’ नाटकं करतंय. पोलीस कोठडीत मेलेल्या बंगालच्या बुधन शबराचं नाव त्याला दिलंय. आणि देशातल्या विमुक्त-भटक्यांसाठी केंद्राने नेमलेल्या रेणके आणि इदाते या दोन्ही आयोगांचे अध्यक्ष, बाळकृष्ण रेणके आणि भिकूजी इदाते, महाराष्ट्रातले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदाबद्दल निकाल दिला. मुंबईतल्या एका पत्रकार महिलेने ही याचिका केली होती. सुनावणीत निघालेल्या नियमपुस्तकांत काय होतं? भटक्या किंवा गुन्हेगार जमातीच्या कैद्यात पळून जाण्याची उपजत वृत्ती असते, असा समज अजून छापील होता. १८७१ चीच शाई. न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, तुरुंगाच्या रजिस्टरांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं आणि राज्यांना नियमपुस्तकं सुधारायला तीन महिन्यांची मुदत दिली.